खंडेनवमीनंतरची गुलाबी बॅच

आमच्या कंपनीत नक्की काय बनतं, हे आईला समजावून सांगण्यात माझ्या नोकरीचे पहिले काही महिने गेले. खालापूर तालुक्यात केमिकलची कंपनी, लॅबमध्ये काम, रोज कर्जतहून बस, एवढ्यावर तिचं भागत नव्हतं. आमच्या गावातल्या, पोशीरमधल्या बायका विचारायच्या, पोरगी बनवते तरी काय? आईला सांगता येत नसे. शेजारणीचा मुलगा गाड्यांचे आरसे बनवायच्या कारखान्यात होता. त्याचं बरं होतं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडे बोट दाखवलं की झालं. आमचं सॅलिसिलिक ॲसिड कुठल्या दुकानात मिळत नाही आणि कुणी ते मागायलाही जात नाही. शेवटी एकदा ती चुलीपुढे बसलेली असताना मी म्हटलं, "असं समज, आम्ही नुसतं पीठ दळतो. भाकऱ्या दुसरे थापतात. आमच्या पिठाची कुणी डोकेदुखीची गोळी करतं, कुणी कंबरेला चोळायचा बाम, कुणी कोंड्याचा शांपू, कुणी पुटकुळ्यांचं मलम. काही जण त्यापासून कापडाचे रंगसुद्धा करतात."

"मंग त्या बामाच्या डबीवर तुमचं नाव लिवलेलं नाय?"

"नाव भाकरीवाल्याचं असतं गं आई."

"मंग दळताय कशाला येवढं?" ती म्हणाली आणि भाकरी उलटवली.

मला राग आला. तेव्हा तो फार लवकर यायचा. मी तेवीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाले होते, आमच्या लॅबमधली पहिली मुलगी होते आणि मला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते, पण ते आपलं कागदोपत्री, असं मी धरून चालले होते.

आमचा माल तयार होतो तो प्रकार मात्र मला आजही गमतीचा वाटतो. सुरुवात फिनॉलपासून. त्याचा वास नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीसारखा. त्यात कॉस्टिक मिसळून ते पार कोरडं करायचं, मग जाड बंद भांड्यात तापवून त्यावर दाबाने गॅस सोडायचा. गॅस कुठला, तर सोड्याच्या बाटलीत असतो तोच. तो गॅस त्या पावडरीत मुरला की सगळं पाण्यात विरघळवायचं. चहासारखा रंग आलेलं ते पाणी कोळशाच्या बारीक भुकटीबरोबर ढवळून गाळलं की नितळ होतं. आणि मग त्यात सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसं भांडं बघता बघता पांढरं होतं. तो पांढरा गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवून पाणी काढायचं, वाळवायचा आणि पोत्यांत भरायचा. पॅकिंगच्या खोलीत डोंगरावरच्या वाडीतल्या बायका असत. त्या मास्कवर आणखी ओढणी गुंडाळत, कारण ही पावडर उडते आणि नाकात गेली की शिंका थांबत नाहीत. नवीन माणूस आत गेला की त्या कामाचे हात थांबवून त्याच्या शिंका मोजत. मला अकरा आल्या होत्या. आमच्या मॅनेजर साहेबांना चौदा.

सेंट्रिफ्यूजवर एक काका होते. कळंबकडचे, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे, बारीक अंगाचे. मशीनच्या आवाजावरून आतल्या मालात किती पाणी उरलंय हे ते सांगत आणि लॅबमध्ये मी तासभर खटपट करून काढलेला आकडा त्याच्या आसपासच येई. मला याचा वैताग यायचा. एकदा ते लंगडत होते म्हणून विचारलं, तर म्हणाले, तळपायाला कुरूप झालंय, दुकानातली पट्टी लावलीय. मी पट्टीचं पाकीट मागून घेतलं आणि वाचून दाखवलं. औषधाच्या जागी आमच्याच ॲसिडचं नाव. काका पाकिटाकडे बघतच राहिले. "म्हंजी मीच बनवायचं, आन मीच जाऊन दुकानातून आणायचं?" म्हणून इतके हसले की मशीनचं बटण दाबायचं राहिलं.

हे काका अकरा वर्षं ठेकेदाराचे कामगार होते. नवीन आलेल्या पर्मनंट मुलांना मशीन शिकवायचे तेच, पण गेटवर त्यांची रांग वेगळी, कॅन्टीनचं टेबल वेगळं आणि कार्डावर कंपनीऐवजी ठेकेदाराचं नाव. त्या दिवाळीला कंपनी चौघांना पर्मनंट करणार होती. चौघांत काकांचं नाव आहे, हे मॅनेजर साहेबांनी स्वतः त्यांना सांगितलं होतं. यादी तेवढी हेड ऑफिसहून मंजूर होऊन यायची होती. काकांचं वय बघता यंदा राहिलं तर कायमचंच राहिलं, हे सगळ्या प्लांटला ठाऊक होतं. काका त्याबद्दल बोलत नसत. फक्त त्या महिन्यात ते रोज दहा मिनिटं लवकर यायचे.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा होते. त्या दिवशी प्लांट बंद ठेवून प्रत्येक सेक्शन आपापलं मशीन घासूनपुसून झेंडूच्या माळांनी सजवतं आणि साहेब फेरी मारून सगळ्यात छान सेक्शनला पेढ्यांचा मोठा पुडा देतात. पेढ्याचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण आदल्या वर्षी तो पुडा बॉयलरवाल्यांनी नेला होता आणि वर्षभर ते त्याची आठवण करून देत होते.

काकांच्या सेंट्रिफ्यूजच्या झाकणाला आतून तपकिरी डाग होते. साबणाने निघेनात, सोड्याने निघेनात. पूजेच्या दोन दिवस आधी काका त्या डागांपुढे हात टेकून उभे होते आणि मी सॅंपल न्यायला गेले होते.

"काका, चिंच आणि विटेची पूड," मी म्हटलं. "आमच्याकडे पितळेचा हंडा त्यानेच घासतात. आरसा होतो."

"आमच्याकडं पण त्येच करतात. पण हितं चालंल काय?"

"न चालायला काय झालं? मी सांगते ना."

मी सांगते ना! हे तीन शब्द मी त्या काळात दिवसातून वीसदा वापरत असेन.

आमच्या भागात वीटभट्ट्यांना तोटा नाही. आईने एक भाजकी वीट फोडून, कुटून, वस्त्रगाळ पूड करून दिली. तेवढ्यापुरता तिला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला, कारण शेवटी कंपनीला तिची गरज पडली होती. गेटवर वॉचमनने पिशवी उघडून वास घेतला आणि विचारलं, "मिसरी हाय काय ओ मॅडम?" मी त्याला म्हटलं, लावून बघा. काकांनी आणि मी मिळून ते झाकण घासलं, आतली जाळीची टोपली घासली, कडा घासल्या. अहाहा! झाकणात माझा चेहरा दिसायला लागला. पेढ्यांचा पुडा आम्हाला मिळाला. बॉयलरवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

दसऱ्याची सुट्टी संपून प्लांट सुरू झाला आणि पहिली बॅच सेंट्रिफ्यूजमधून बाहेर पडली. काकांनी आणून दिलेलं सॅंपल मी नेहमीप्रमाणे पांढऱ्या कागदावर ओतलं. ते गुलाबी होतं. भडक नाही, पण गुलाबीच. लहान मुलीच्या फ्रॉकला शोभावा असा रंग. दुसरी बॅच आली, तीही तशीच.

ज्या ॲसिडची गोळी करून माणसं गिळणार ते गुलाबी असून चालत नाही. साहेबांनी दोन्ही बॅचा बाजूला ठेवल्या. "लोखंड गेलंय आत," ते म्हणाले. "नट, बोल्ट, खिळा, काहीतरी पडलंय मशीनमध्ये. ऑपरेटरचं लक्ष कुठे असतं?"

लोखंड. हा शब्द ऐकला आणि मी हातातला सॅंपलचा कागद खाली ठेवला. आमच्या ॲसिडला लोखंडाचा अंश लागला की ते जांभळट रंग धरतं. ही आमची रोजची परीक्षा. बाटलीतला लोखंडाचा क्षार थेंबभर टाकायचा, जांभळा रंग आला की माल आपलाच. हे मी दिवसातून चार वेळा करत होते. आणि वीट लाल का असते, तर तिच्यातल्या लोखंडाने. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पितळेच्या हंड्याचं काही बिघडत नाही, त्यात आपण पाणी भरतो. इथे मी ती लाल पूड जाळीच्या भोकाभोकांत चोळून भरली होती आणि वर आंबट गाळ ओतला होता.

खात्री करायला लॅबचं दार लोटून घेतलं. पिशवीच्या तळाशी उरलेली चिमूटभर पूड ग्लासात टाकली, आमचा गाळ टाकला, ढवळलं. चहा पिऊन येईतो पाण्यावर गुलाबी झाक चढली होती. मी तो ग्लास बेसिनमध्ये ओतून टाकला आणि गप्प बसले.

हो, गप्प बसले. एक पूर्ण दिवस. माझं प्रोबेशन संपायला पाच आठवडे होते. आपण सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे, असा विचार मी केला, आणि तो केल्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सेंट्रिफ्यूजकडे गेले तर काका मशीनखाली आडवे होते. हातात बॅटरी, अंगाला काळं तेल. आदल्या दिवसापासून खिळा शोधत होते. मला बघून बाहेर आले, हात पुसले, डबा उघडला आणि निम्मी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं झाकणात काढून माझ्यापुढे ठेवलं.

"सायेब म्हनलं, अवालात लिवनार. ऑपरेटरचा निष्काळजीपना," ते म्हणाले. "येवढं येक गेलं हेड ऑफिसला, की माझं नाव कापलंच समजा. मॅडम, तुमची नजर बारीक हाय. जेवून झालं का जरा वाका नं माझ्याबरूबर. येवढा खिळा शोधून द्या."

मी हातातला घास परत झाकणात ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. वीट, लोखंड, ग्लासातला रंग.

मला वाटलं होतं ते हसतील, किंवा जाऊ दे म्हणतील. काकांनी आपला डबा बाजूला सारला. "ह्ये तुमाला कदी कळलं?"

"काल सकाळी."

"आन मी कालपासनं मशीनीखाली लोळतोय." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "पूड आनली त्याचं मला काय नाय. मी बी घासलीच की. पन काल का नाय बोललात?"

मी रडायला लागले. काकांना ते बघवेना. "आता रडू नका गं बाई," ते म्हणाले, "बिरडं खारट व्हईल."

आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी म्हटलं, सर, चूक माझी आहे, पूड मी आणली, मीच घासा म्हणाले, काकांना यातलं काही माहीत नव्हतं. माझं बोलणं संपायच्या आत काका पुढे सरकले. "सायेब, असं नका लिवू."

"कसं?"

"का मला म्हाईत नव्हतं आन मॅडमनी सांगितलं म्हनून मी घासलं. अकरा वर्सं मशीन मी चालवतो. माज्या मशीनीला काय लावायचं ते मला कुनी सांगत नाय. मी घासलं, मी इचारायला पायजे हुतं. माजं बी नाव टाका."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. हा माणूस अकरा वर्षांनी हाताशी आलेली नोकरी मानापायी घालवायला निघाला होता. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या फॉर्मवर," ते म्हणाले, "माणसाची चूक, मशीनची चूक आणि निष्काळजीपणा असे तीन रकाने आहेत. अक्कल कमी, असा रकाना नाही. असता तर तुम्ही दोघं आणि तुम्हाला पेढे देणारा मी, तिघांची नावं टाकली असती." मग माझ्याकडे वळले. "हा माल पांढरा करता येईल?"

"येईल."

"मी सांगते ना, असं म्हणू नका. करून दाखवा. माल पास झाला तर यादी आहे तशी जाईल. नाही झाला तर दोन बॅचचं नुकसान मला वर कुणाच्या तरी नावावर दाखवावंच लागेल."

पुढचे चार दिवस मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा न बोलता काम केलं. आधी चंचुपात्रात करून पाहिलं. गुलाबी माल कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवायचा, लोखंडाला धरून ठेवणारी एक पावडर त्यात चिमूटभर टाकायची, कोळशाची भुकटी घालून गाळायचं आणि पुन्हा सल्फ्युरिक सोडून पांढरं फाडायचं. पहिल्यांदा फिका गुलाबी आला. दुसऱ्यांदा पावडर वाढवली, धुवायचं पाणी वाढवलं, तेव्हा रंग गेला. तिकडे काकांनी सेंट्रिफ्यूजची टोपली उतरवून पातळ नायट्रिकने धुतली, परत धुतली, आणि मला येऊन सांगितलं, "येका भोकात बी वीट सापडली तर नाव बदलीन."

अडचण अशी झाली, की त्याच आठवड्यात काकांची भातकापणीची रजा होती. आमच्याकडे दसरा उलटला की अर्धा प्लांट कापणीच्या रजेवर जातो. भात पिकून वाकलं की त्याला कुठल्या यादीचं सोयरसुतक नसतं. काकांनी रजा रद्द केली आणि घरी काकू एकट्या पडल्या. मग रविवारी मी विळा घेऊन त्यांच्या शेतावर गेले. भातकापणी मला पोशीरमध्ये लहानपणापासून येते, प्रयोगशाळेपेक्षा जास्त येते म्हणा ना. काकूंनी मला बांधावर उभं करून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच काय ती गुलाबी मॅडम?"

"हो काकू."

"आमच्या मानसाला मशीनीखाली घातलंस ती?"

"हो."

"मंग त्या टोकाकडनं सुरू कर. तिकडं विंचू हायती."

विंचू काही नव्हते. दुपारपर्यंत मी त्यांच्या बरोबरीने ओळी कापल्या, तेव्हा कुठे त्यांनी मला पाणी विचारलं. कंबर मोडली होती. माथेरानचा डोंगर समोर होता, पण मान वर करायची हिंमत नव्हती. संध्याकाळी निघताना काकूंनी माझ्या कंबरेला बाम चोळून दिला आणि डबी हातात देऊन म्हणाल्या, "ह्ये बी तुमच्याच पिठाचं ना? ह्यांनी सांगितलंय मला." मी हो म्हटलं. माझी आई जे समजायला महिने घेत होती ते इथे काकांनी एका वाक्यात समजावलं होतं.

सोमवारी पुन्हा केलेली बॅच बाहेर आली. मी सॅंपल कागदावर ओतलं, खिडकीशी नेलं, जुन्या चांगल्या बॅचचं सॅंपल शेजारी ठेवलं. काका लॅबच्या उंबऱ्याबाहेर उभे होते, कारण प्लांटचे बूट आत चालत नाहीत. साहेब आले, त्यांनी दोन्ही ढिगांकडे वाकून पाहिलं, विचारलं, यातला नवा कुठला? मी सांगितल्यावर त्यांनी खात्री म्हणून लोखंडाची तपासणी पुन्हा करायला लावली. आकडा मर्यादेच्या आत आला. जाता जाता त्यांना एक शिंक आली, तेवढीच.

अहवालावर आमच्या दोघांच्या सह्या झाल्या. यादी हेड ऑफिसला गेली आणि तिथे बसून राहिली. रोज कुणीतरी नवीन बातमी आणायचं. चारऐवजी तीनच घेणार आहेत. पंचेचाळिशीच्या पुढचे घेणार नाहीत. तो गुलाबीचा अहवाल वरच्यांनी मागवून घेतला आहे. या शेवटच्या बातमीनंतर मी दोन दिवस काकांच्या समोर जायचं टाळलं.

दिवाळीच्या तोंडावर सकाळी मला माझं पत्र मिळालं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं होतं. कारण चांगल्या शब्दांत लिहिलं होतं, पण अर्थ तोच होता. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये कोंबलं आणि बाटल्या जरा जोरातच आपटत होते, एवढ्यात काका उंबऱ्याशी आले.

"मॅडम, जरा चला."

टाइम ऑफिसच्या बाहेरच्या बोर्डावर यादी लागली होती. गर्दी पांगली होती. काका बोर्डापासून दोन पावलं मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून.

"वाचा."

मी वाचलं. तीन नावं आणि चौथं त्यांचं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पुढे हुद्दा, सेंट्रिफ्यूज ऑपरेटर.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"जरा मोठ्यानं."

काकांना वाचता येत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं त्या मशीनचं लॉगबुक त्यांनीच लिहिलं होतं, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. मला बोलवायच्या आधी ते तीन वेळा बोर्डाशी येऊन गेले होते, हे वॉचमनने मला नंतर सांगितलं. त्यांना ते नाव कुणीतरी दुसऱ्याने घेतलेलं ऐकायचं होतं. तेव्हा मी ते तिसऱ्यांदा वाचलं, इतक्या मोठ्याने, की पॅकिंगच्या बायका कामं टाकून दारात आल्या.